घारीच्या उंचीवरचं विमान

(सामुदायिक रेडिओवर झालेलं भाषण)

 

गेल्या दोन वेळी मी कर्जाचे हप्ते आणि गटाचं रजिस्टर यावर बोलले. आजचा विषय आभाळातला आहे, पण त्याचं मूळ गावाच्या उकिरड्यात आहे. उडत्या विमानाला पक्षी धडकला तर काय होतं, आणि छोट्या विमानाला त्याचा धोका जास्त का, हे सांगते. आणि त्यात आपल्या गटांचा काय संबंध, हेही सांगते. संबंध आहे, आणि तो पैशाचाही आहे.

बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. आता तिथे वैमानिक घडतात. कामठा, खातिया, परसवाडा, झिलमिली या बाजूच्या बायांना विमानाचा आवाज नवा नाही. मोठं प्रवासी विमान कधीतरी येतं. दिवसभर जी घरघर चालते ती शिकाऊंच्या छोट्या विमानांची. दोन नाहीतर चार माणसं बसतील एवढंच ते विमान, आपल्या काळीपिवळीत त्याच्या तिप्पट माणसं कोंबतात. आत बसलेलं पोर बहुधा विशीतलं असतं, आणि त्यात मुलीही असतात. आपल्या देशात वैमानिकांमध्ये बायांचं प्रमाण सुमारे १५ टक्के आहे. जगात ते ५ टक्क्यांच्या आसपास आहे. विमान चालवण्याच्या बाबतीत आपल्या देशातल्या मुली जगाच्या पुढे आहेत, हे मला फार आवडतं.

एप्रिल २०१७ मध्ये इथलं एक शिकाऊ विमान वैनगंगेवरच्या तारेला लागून नदीत पडलं. प्रशिक्षक आणि शिकणारी मुलगी, दोघंही गेले. त्यात पक्ष्याचा काही संबंध नव्हता. पण लहान विमानात चुकायला किती कमी जागा असते, ते आपल्या भागाने तेव्हा पाहिलं.

पक्ष्याची आणि विमानाची टक्कर विमानाइतकीच जुनी आहे. विमान बनवणारे राईट बंधू ठाऊक आहेत ना? शाळेच्या पुस्तकात होते. त्यातला ऑर्विल राईट ७ सप्टेंबर १९०५ रोजी अमेरिकेत ओहायो राज्यात, मक्याच्या शेतावरून उडत होता. पक्ष्यांचा थवा दिसला तेव्हा त्याने त्याच्या मागे विमान घातलं. एक पक्षी मरून वरच्या पंखावर पडला आणि विमान वळलं तेव्हा घरंगळून खाली गेला. ही नोंद त्यानेच लिहून ठेवली आहे. तेव्हा तो पोरखेळ होता. सात वर्षांनी एक माणूस गेला. कॅल रॉजर्स त्याचं नाव. अमेरिकेच्या एका किनाऱ्यावरून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत विमानाने जाणारा तो पहिला माणूस, १९११ साली. पुढच्या वर्षी ३ एप्रिलला कॅलिफोर्नियात समुद्रकाठी तो उडत असताना समुद्रपक्ष्यांच्या थव्यात शिरला. एक पक्षी विमान वळवण्याच्या तारांमध्ये अडकला आणि विमान उथळ पाण्यात कोसळलं. एवढा देश ओलांडून आलेला माणूस एका पाखरामुळे गेला.

आता तुम्ही म्हणाल, एवढंसं पाखरू आणि लोखंडाचं विमान, काय बिघडतं?

संध्याकाळी स्कूटीवरून येताना डोळ्यात चिलट गेलंय कधी? चिलटाला वजन किती असतं? तरी डोळ्याला खडा लागल्यासारखं होतं. मार वजनाचा असतो, तसाच वेगाचाही असतो. आणि वेग दुप्पट झाला की मार चौपट होतो, तिप्पट झाला की नऊपट. घारीचं वजन पाऊण किलोच्या आसपास धरा. छोटं विमान ताशी दोनशे किलोमीटरने चाललंय. त्या वेगाने घार काचेवर आदळली तर मार केवढा? दहा किलो तांदळाची पिशवी तीन मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली काचेवर टाकली तर बसेल, तेवढा. हिशोब मी भाच्याकडून दोनदा तपासून घेतला, तो बारावी सायन्सला आहे.

मोठ्या प्रवासी विमानाची समोरची काच अनेक थरांची असते. चार पौंडांचा, म्हणजे सुमारे १.८ किलोचा पक्षी आदळला तरी ती भेदून आत येता कामा नये, अशी परीक्षा पास झाल्याशिवाय ते विमान उडू देत नाहीत. चार आसनांच्या विमानाच्या काचेला अशी अट नाही. ती काच बहुधा प्लॅस्टिकसारख्या पदार्थाची असते, वारा अडवते, पक्षी अडवेलच असं नाही. शिवाय बहुतेक छोट्या विमानांना इंजिन एकच असतं. जून २०२२ मध्ये पाटण्याहून दिल्लीला निघालेल्या विमानाला पक्षी धडकला आणि डाव्या इंजिनाने पेट घेतला. तुमच्यापैकी काहींनी टीव्हीवर पाहिलं असेल. ते विमान कॅप्टन मोनिका खन्ना चालवत होत्या. त्यांनी ते इंजिन बंद केलं, उरलेल्या एका इंजिनावर परत फिरल्या आणि १८५ प्रवासी सुखरूप उतरवले. बाईची शाबासकी आहेच. पण त्यांच्याकडे दुसरं इंजिन होतं, हेही लक्षात ठेवा.

छोट्या विमानाची बाजूही सांगते, नाहीतर उगाच घाबरवल्यासारखं होईल. समोर पंखा असतो, पुष्कळदा पक्षी त्यातच कापला जातो आणि विमान पुढे जातं. वेगही कमी असतो, त्यामुळे पक्ष्याला बाजूला व्हायला थोडा वेळ मिळतो. बहुतेक टकरी पंखाला पोचा पडून किंवा नुसता रक्ताचा डाग पडून संपतात. पण उरलेल्या थोड्या फार वाईट असतात. २०२३ मध्ये दक्षिण अमेरिकेतल्या एक्वाडोर देशात छोट्या विमानाची काच फोडून एक प्रचंड मोठा पक्षी अर्धा आत लोंबकळत राहिला. वैमानिकाचं तोंड रक्ताने माखलं, समोर मेलेला पक्षी, वारा तोंडावर, आणि अशात त्याने विमान उतरवलं. त्याने स्वतःच मोबाईलवर काढलेला व्हिडिओ जगभर फिरला. तो वाचला.

मार्च २००८ मध्ये अमेरिकेतल्या ओक्लाहोमा शहराजवळ पाच माणसं वाचली नाहीत. ते कामधंद्यासाठी वापरतात तसलं छोटं जेट होतं. उडून दोन-तीन मिनिटं झाली होती. तिथे एक तलाव आहे आणि त्या दिवसांत पेलिकन पक्षी, आपण झोळीवाले म्हणतो तसले, पाच-सात किलोचे, थव्याने उडत होते. पक्षी पंखावर आदळले, पंखच मोडला. चौकशीत निघालं की एवढा मार सोसेल असं ते विमान बनवलेलंच नव्हतं.

आता आपल्याकडे या. आपला जिल्हा तळ्यांचा. माजी मालगुजारी तलाव, बोड्या, बांध्या, सगळीकडे पाणी. हिवाळ्यात लांबून बदकं येतात, रोवणीच्या वेळी ट्रॅक्टरमागे बगळे चालतात, मोकळ्या माळावर टिटव्या अंडी घालतात. धावपट्टी म्हणजे टिटवीच्या दृष्टीने मोठा स्वच्छ माळच. हे सगळे पक्षी इथे होते आणि राहणार. विमानतळवाले त्यांच्या कुंपणाच्या आत गवत कापतात, डबकी बुजवतात, फटाके वाजवून पाखरं उठवतात. ते त्यांचं काम आहे, त्यावर मी बोलत नाही.

मी बोलतेय घारीबद्दल. आपल्या देशात विमानाला धडकणाऱ्या पक्ष्यांमध्ये घार फार वरच्या नंबरावर आहे, आणि ती बोलावल्याशिवाय येत नाही.

घार कशी उडते ते बघा. सकाळी ती झाडावर बसून असते. ऊन चढलं, जमीन तापली, की गरम हवा वर उठते. मग घार पंख न हलवता त्या हवेवर गोल गोल वर जाते. नऊ-दहा वाजता आभाळात घारी दिसायला लागतात त्या यामुळे. आता शिकाऊ विमान काय करतं? ते उडतं, जमिनीपासून हजार फुटांवर म्हणजे सुमारे तीनशे मीटरवर जातं, धावपट्टीला वळसा घालून परत उतरतं आणि लगेच पुन्हा उडतं. एका दिवसात अशा कितीतरी फेऱ्या. मोठं विमान घारीच्या उंचीतून मिनिटा-दोन मिनिटांत वर निघून जातं. शिकाऊ विमान मात्र दिवसभर घारीच्याच उंचीवर फिरतं. एकाच वाटेवर दोघांचा राबता आहे, एवढीच गोष्ट.

वैमानिकांना शिकवतात की समोर पक्षी दिसला तर जमलं तर विमान वर घ्या, कारण घाबरलेला पक्षी बहुधा खाली झेप घेतो. आणि काच फुटली तरी आधी विमान सांभाळा, बाकी सगळं नंतर. पण पहिल्यांदा एकटं विमान घेऊन निघालेल्या पोरीने समोर घार आणि खाली धावपट्टी अशा वेळी दोन सेकंदांत काय काय आठवायचं?

तर घार त्या जागी का येते? रविवारी सकाळी सात वाजता गावात कोंबड्या कापायला सुरुवात होते. आतडी, पिसं, डोकी टोपल्यात भरतात आणि नऊच्या सुमारास नाल्याकाठी किंवा रस्त्याच्या कडेला नेऊन ओततात. मासोळीच्या खवल्यांचं, पोटांचंही तेच. नेमकी तीच घारी वर चढायची वेळ. एक घार खाली उतरली की लांबच्या घारी तिला बघतात आणि अर्ध्या तासात वीस-पंचवीस जमतात. ढोर मेलं तर ते गावाबाहेर उघड्यावर टाकतात, मग तर चार-चार दिवस मेळा.

जुन्या बाया म्हणतील, पूर्वी पण टाकतच होतो की. बरोबर आहे. पूर्वी गिधाडं होती, तासाभरात हाडं स्वच्छ करायची. तेव्हा विमानांना गिधाडांचाच मोठा धोका होता. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीने १९८० च्या दशकात देशातल्या विमानतळांवर जाऊन पक्ष्यांचा अभ्यास केला, तेव्हाही मुद्दा उघड्यावरच्या मेलेल्या ढोरांचा आणि घाणीचाच निघाला. पुढे जनावरांना ताप-दुखण्यावर डायक्लोफिनॅकचं इंजेक्शन द्यायला लागले. असं इंजेक्शन दिलेलं ढोर मेलं आणि गिधाडाने खाल्लं की गिधाडाचे मूत्रपिंड निकामी होत. शंभरातली नव्व्याण्णव पांढऱ्या पाठीची गिधाडं पंधरा-सोळा वर्षांत संपली. २००६ मध्ये जनावरांसाठी ते औषध बंद केलं, पण गेलेली गिधाडं गेली. आता तेच मेलेलं ढोर कुत्री आणि घारी आठवडाभर खात बसतात. गिधाडं गेल्याने विमानांचा धोका संपला असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही. नुसता पक्षी बदलला. कुत्री वाढली ती वेगळीच, आणि ती धावपट्टीवर शिरतात आणि आपल्या शेळ्याही फाडतात.

आता कायद्याचं. इथे नीट कान द्या, कारण याच्यावरून काही गटांना घाबरवलं गेलंय.

प्रभागसंघाच्या एका बैठकीत एका गटाच्या अध्यक्षताईंनी विचारलं. त्यांच्या गटाने कर्ज काढून चिकनचं दुकान टाकलं होतं. गावातल्या एका पुढाऱ्याने येऊन सांगितलं, विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या आत असं दुकान चालत नाही, तुमच्यावर केस होईल, बंद करा. दहा बायांचे हप्ते त्या दुकानावर. ताई विचारत होत्या, बंद करू का? त्या रात्री मी नियम शोधून वाचला. आपण बी.ए. शिकलो त्याचा उपयोग कधी होणार!

विमान नियम १९३७ आहेत, त्यातला ९१ वा नियम. विमानतळाच्या मध्यबिंदूपासून दहा किलोमीटरच्या आत जनावर कापायला, सोलायला, आणि पक्ष्यांना ओढणारी घाण, म्हणजे हॉटेलचं, मटणाच्या आणि मासळीच्या दुकानाचं, हाडांच्या कारखान्याचं उरलंसुरलं उघड्यावर टाकायला मनाई आहे. एवढं त्या पुढाऱ्याने बरोबर सांगितलं. त्याने पुढचं सांगितलं नाही. त्याच नियमात लिहिलंय की दुकानदाराने पक्षी येऊ नयेत अशी नीट, पुरेशी व्यवस्था केली असेल तर नागरी विमान वाहतुकीचे महासंचालक लेखी परवानगी देऊ शकतात. परवानगी देताना बघायचं काय, तर कापण्याची जागा विमानतळापासून किती लांब आहे आणि घाणीची विल्हेवाट कशी लावता. म्हणजे कायद्याचं बोट दुकानापेक्षा टोपल्याकडे आहे. दुकान बंद करा असं सांगण्याआधी टोपलं कुठे रिकामं होतं ते विचारायला हवं होतं.

पण हलक्यातही घेऊ नका. १ जानेवारी २०२५ पासून नवा भारतीय वायुयान अधिनियम लागू झालाय आणि विमानतळाजवळ घाण टाकण्याला, जनावर कापण्याला त्यात तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक कोटी रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. एक कोटी! आपल्या अख्ख्या प्रभागसंघाचं भागभांडवल काढलं तरी पुरायचं नाही.

माझं स्पष्ट मत सांगते. दहा किलोमीटर म्हणजे कितीतरी गावं येतात, आणि त्यातल्या बऱ्याच गावांत मांसाची घाण टाकायला एक खड्डासुद्धा नाही. टाकायला जागा द्यायची नाही आणि टाकलं म्हणून गुन्हेगार ठरवायचं, हे बरोबर नाही. विमानतळासाठी ज्यांच्या जमिनी गेल्या त्या घरांचं पुनर्वसनाचं दुखणं आहेच, त्यावर वेगळं बोलू. पण म्हणून विमानातल्या पोरीने घारीच्या भरवशावर उडावं, हेही बरोबर नाही. आपल्या हातात आहे ते आपण करू आणि ग्रामपंचायतीच्या हातात आहे ते तिच्याकडून करून घेऊ.

आपल्या हातातलं काय? चिकनचं दुकान असो, मासोळी विकणं असो, झाकणाचा ड्रम ठेवा. जुना प्लॅस्टिकचा निळा ड्रम चालतो, झाकण घट्ट हवं आणि वर दगड. कापलेलं थेट ड्रममध्ये, जमिनीवर थेंब नाही. दुकानामागे टिनाचं छप्पर असेल तर कापायचं त्याच्याखाली, कारण घारीला वरून दिसलं नाही तर ती उतरत नाही. आणि त्याच दिवशी पुरायचं, दुसऱ्या दिवसावर ठेवायचं नाही.

खड्डा सहा फूट खोल, विहीर, बोअर, तलाव यांपासून निदान शंभर फूट लांब आणि उंचवट्यावर. प्रत्येक वेळी घाण टाकली की वर चुना आणि माती. वरचे दोन फूट राहिले की मातीने गच्च बुजवून दुसरा खड्डा. कुत्र्यांनी उकरू नये म्हणून वर जाळी किंवा काटेरी फांद्या. आता तुम्ही म्हणाल, पावसाळ्यात आपल्याकडे चार फुटांवर पाणी लागतं, खड्ड्याचं डबकं होतं. खरं आहे. त्यासाठी दुसरी रीत आहे आणि ती मला खड्ड्यापेक्षा जास्त आवडते, कारण शेवटी खत मिळतं. विटांचं किंवा जुन्या पाट्यांचं चौकोनी हौद्यासारखं बनवा, वर छप्पर. खाली फूटभर धानाचा भुसा आणि वाळलेलं शेण. त्यावर घाणीचा पातळ थर, लगेच त्याच्यावर दुपटीने भुसा. असं थरावर थर. भुशाला आपल्याकडे काय तोटा, राईस मिलवाला फुकट देतो. वरून काहीच दिसलं नाही पाहिजे आणि वास आला तर भुसा कमी पडलाय असं समजायचं. आत एवढी उष्णता होते की हात धरवत नाही. काही महिन्यांनी उलथवून परत झाकायचं. पिसं शेवटपर्यंत चिवट राहतात, ती परत नव्या थरात घालायची.

परसातल्या कोंबड्या पाळणाऱ्यांसाठी एक गोष्ट. एखाद-दुसरी कोंबडी मेली तर याच पद्धतीने पुरा. पण एकदम पाच-दहा मेल्या तर हात लावू नका, पुरूही नका, आधी पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. बर्ड फ्लू असू शकतो.

आणि घारी मारायच्या नाहीत. विष घालायचं तर मनातही आणू नका. वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे, आणि उपयोगही नाही, कारण खाणं आहे तोवर एकीच्या जागी दुसरी येते. मध्ये कोणीतरी म्हणालं, मग सारसांनाही हाकलायला पाहिजे, केवढा मोठा पक्षी, सात-आठ किलोचा. नाही. महाराष्ट्रात सारस उरलाय तो मुख्यतः आपल्याच गोंदिया-भंडाऱ्यात, आणि कितीतरी शेतकऱ्यांनी धानातलं त्याचं घरटं स्वतः पहारा देऊन राखलंय. सारस बांधीत किडे, कंद, धान खातो. कोंबडीच्या आतड्यांवर तो येत नाही. ज्या पक्ष्याला आपण बोलावतोय त्याच्याबद्दल बोलू.

आता ग्रामपंचायतीचं. ग्रामसभेच्या आधी महिलांची सभा घ्यावी लागते, हे तुम्हाला माहीत आहे. बहुतेक गावांत ती कागदावर होते आणि सह्या घरी येऊन घेतल्या जातात. या वेळी ती प्रत्यक्ष भरवायला सांगा. पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीत स्वच्छतेसाठी बंधित हिस्सा होता, म्हणजे तो दुसरीकडे वळवता येत नाही. त्यातलं किती आलं, कुठे गेलं, किती शिल्लक आहे, आणि यंदाच्या आराखड्यात मांसाच्या कचऱ्यासाठी काय धरलंय, हे सभेत विचारा.

अर्ज साधा लिहायचा. गावाचं नाव, विमानतळापासून अंतर अंदाजे किती, गावात मटण-चिकन-मासळीची दुकानं किती, रोजची घाण किती टोपली निघते आणि सध्या कुठे टाकतात. पुढे मागणी: गावठाणाबाहेर जागा ठरवून द्यावी, तिथे कुंपणाचा खड्डा किंवा छपराचा हौद बांधावा, मेलेलं ढोर पुरायला जेसीबी कोणाला सांगून मिळेल त्याचा नंबर पंचायतीच्या फळ्यावर लिहावा. विमानतळालाही त्या अर्जाची एक प्रत द्या, कारण घारी कमी होण्यात त्यांचाही फायदा आहे आणि खड्ड्याच्या खर्चात हात लावा म्हणून त्यांना विचारायला हरकत नाही. ज्या गटांची दुकानं दहा किलोमीटरच्या आत आहेत त्यांनी ड्रमचे, हौदाचे, छपराचे फोटो काढून ठेवा, तारीख दिसेल असे. परवानगीच्या अर्जाला ते जोडता येतात, आणि कोणी घाबरवायला आला तर दाखवताही येतात.

अर्जावर दहा सह्या झाल्या की एक प्रत ग्रामसेवकाकडे द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या, शिक्का आणि तारखेसकट. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत विषय यायचा असेल तर अर्ज सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत गेला पाहिजे. ज्या गावांना अर्ज लिहायला मदत हवी, त्यांनी प्रभागसंघाच्या बैठकीला येताना दुकानांची यादी तेवढी सोबत आणा. बाकी तिथे बसून लिहू.